चाक सुटलं, वही हाती आली

आमच्या गावच्या कुंभारवाड्यात बाराजणींचा एक बचत गट आहे. त्यांच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. मागे एकदा दिवाळीच्या आधी गटानं कर्ज काढून पणत्यांचं मोठं काम अंगावर घेतलं. नेहमीच्या साध्या लाल पणत्या नव्हेत, तर वर काचेसारखी चमक असलेल्या, शहरातल्या प्रदर्शनात मिळतात तशा. चमक येण्यासाठी एका फिरत्या व्यापाऱ्यानं पांढरी पूड दिली होती. ती पाण्यात कालवायची, पणतीवर लावायची आणि भट्टीत घालायची, एवढंच त्यानं सांगितलं. भट्टी पेटली, दोन दिवसांनी उघडली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. निम्म्याहून जास्त पणत्या तडकलेल्या. उरलेल्यांवरची चमक कुठे फोड आल्यासारखी, कुठे ओघळून तळाला चिकटलेली. गटातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, भट्टी रुसली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कर्जाचा हप्ता मात्र कुणाच्या रुसव्यासाठी थांबणार नव्हता!

मी विचारलं, पूड किती घेतली, पाणी किती घातलं, जाळ किती वेळ दिला? कुणालाच नेमकं सांगता येईना. सगळं अंदाजानं, हाताच्या मापानं. यात त्यांची चूक तरी काय म्हणा, आपण भाजीत मीठ मोजून कुठे घालतो?

त्या रात्री मला जोसाया वेजवुड आठवला. बी.ए.ला इतिहासात औद्योगिक क्रांतीच्या प्रकरणात हे नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की हा माणूस म्हणजे कुंभाराच्या घरात जन्मलेला आणि लहानपणीच गुडघा गमावलेला एक मुलगा. आमच्या गटात एक तरुण मुलगी आहे, तिचाही एक पाय लहानपणापासून अधू. चाकावर बसता येत नाही म्हणून ती स्वतःला गटातली अर्धीच बाई समजते. तिला सांगायची म्हणून ही गोष्ट मी मनात नीट लावली. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हालाही सांगते.

इंग्लंडच्या मधोमध स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या बर्स्लेम गावात १७३० साली जोसायाचा जन्म झाला. आपल्याकडे तेव्हा थोरले बाजीराव पेशवे होते. घर भरलेलं, भावंडांत हा शेंडेफळ. घराणं पिढ्यान्‌पिढ्या कुंभारांचं. बर्स्लेम म्हणजे एक मोठा कुंभारवाडाच. घरामागे भट्टी, दारात मातीचे ढीग. लोक रस्त्यातलीच माती खणून न्यायचे, त्यामुळे वाटेवर जागोजागी खड्डे. (खड्ड्यांचं हे दुखणं आपल्यालाही परकं नाही!) माल न्यायचा तो घोड्यांच्या पाठीवर, आणि बाजारात पोचेपर्यंत त्यातला बराच फुटायचा.

जोसाया नऊ वर्षांचा असताना, १७३९ साली वडील गेले. शाळा सुटली आणि तो थोरल्या भावाच्या हाताखाली चाकावर बसला. हात उपजतच चांगला होता. पण अकरा-बारा वर्षांचा असताना गावात देवीची साथ आली. देवीची लस त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १७९६ साली निघाली. तेव्हा ज्याचं नशीब तो वाचायचा. जोसाया वाचला, पण उजव्या गुडघ्यात दुखणं कायमचं घर करून बसलं. तिकडचं चाक पायानं हलवायचं असे. चौदाव्या वर्षी, १७४४ मध्ये, तो भावाकडे रीतसर उमेदवार म्हणून लागला खरा, पण चाक हलवताना पाय साथ देईना.

चाक सुटलेल्या कुंभारानं करायचं काय? जोसाया मातीकडे आणि झिलईकडे वळला. कुठल्या मातीत काय मिसळलं की रंग कसा येतो, वरची चमक का फुगते, का उडते, हे तो बघत बसे.

झिलई म्हणजे काय, ते जरा थांबून सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. तुमच्या घरात लोणच्याची चिनीमातीची जुनी बरणी असेलच. माझ्या सासूबाईंची दोन रंगांची बरणी अजून माझ्या फळीवर आहे. तिच्यावर बोट फिरवून बघा. तो गुळगुळीत थर म्हणजे काचच, मातीवर वितळून बसलेली. साध्या भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. पण त्याच माठात लोणचं घातलं तर तेल-मीठ बाहेर झिरपेल. झिलईनं ती छिद्रं बुजतात. गारगोटीची पूड हा काचेचा मुख्य जिन्नस, पण ती एकटी वितळायला भयंकर आच लागते. म्हणून तिला लवकर वितळवणारा जोडीदार द्यावा लागतो. त्या काळी जोडीदार दोन होते, मीठ आणि शिसं.

जोसायाच्या लहानपणी बर्स्लेममध्ये मिठाची झिलई जोरात होती. भट्टी पुरेशी तापली, की वरच्या भोकांतून आपलं साधं खाण्याचं मीठ आत टाकायचे. त्याची वाफ होऊन ती भांड्यांवर बसायची आणि मातीतल्या वाळूशी मिळून काच व्हायची. त्या वेळी निघणारा पांढरा धूर इतका दाट असे, की गल्लीत माणसाला माणूस दिसत नसे. वरून तो आंबूस, घशाला झोंबणारा. बायका त्याच धुरात कपडे वाळत घालत असतील आणि पोरांना हाका मारत असतील, असं माझ्या मनात येतं.

उमेदवारी संपली तरी भावानं त्याला भागीदारीत घेतलं नाही. प्रयोगांत पैसा घालवणारा भाऊ कुणाला परवडतो! पुढे १७५४ मध्ये त्या भागातल्या थॉमस व्हील्डन या नामांकित कुंभारानं त्याला भागीदार केलं. या व्हील्डनचं मला फार कौतुक वाटतं. जोसायानं प्रयोग करावेत आणि त्यांच्या कृती स्वतःजवळ गुप्त ठेवाव्यात, ही मोकळीक त्यानं दिली होती. तिथेच, १७५९ साली, जोसायानं प्रयोगांची वही सुरू केली.

या वहीबद्दल मी गटात सर्वांत जास्त बोलले. कुंभारांच्या घराण्यांत कृती तोंडी चालत. मुलाला सांगायच्या, जावयालासुद्धा नाही. फसलेली भट्टी तर सगळे विसरूनच जात. जोसाया मात्र प्रत्येक प्रयोगाला क्रमांक द्यायचा. माती कुठली, काय किती मिसळलं, भट्टीत कुठे ठेवलं, काय निघालं, सगळं लिहायचा. चोरीची भीती म्हणून जिनसांची नावं सांकेतिक खुणांत असत. फसलेल्या प्रयोगालाही जमलेल्याइतकीच जागा मिळे. आणि खरं म्हणजे फसलेलेच जास्त होते. आयुष्यभरात असे काही हजार प्रयोग झाले.

त्यातून आधी एक छान हिरवी झिलई निघाली. तांब्यापासून येणारा, भाजीच्या पानासारखा ताजा हिरवा रंग. तो लावून त्यानं फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या आणि अननसासारख्या किटल्या काढल्या. त्याच वर्षी त्यानं बर्स्लेममध्ये नातेवाइकांची जागा भाड्यानं घेऊन स्वतःचा कारखाना थाटला. पुढच्या मोठ्या जागेत कामगारांना बोलवायला घंटा टांगली. तोवर कुंभारकामाला वेळकाळ नव्हती, माणूस मनाला येईल तेव्हा चाकावर बसायचा. आता घंटा झाली की हजर!

१७६२ मध्ये लिव्हरपूलच्या वाटेवर दुखऱ्या गुडघ्याला पुन्हा मार बसला आणि तो तिथे अंथरुणाला खिळला. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या एका मित्राला त्याच्याशी गप्पा मारायला आणलं. हा थॉमस बेंटली. शिकलेला, देश बघितलेला व्यापारी. दोघांची अशी गट्टी जमली, की पुढे बेंटली त्याचा भागीदार झाला. त्याला लिहिलेल्या शेकडो पत्रांमुळेच तर आज जोसायाच्या घरातलं, मनातलं इतकं कळतं.

आता येते सारा. तिच्या माहेरचं आडनावही वेजवुडच, लांबच्या भाऊबंदकीतली. वडील चीजचे बडे व्यापारी. लेक चांगली शिकलेली, पैसेवाली. तिला अधू पायाच्या कुंभाराच्या हाती द्यायला बाप सहजासहजी तयार नव्हता. मुलगी काय आणणार, मुलगा तेवढं दाखवू शकतो का, यावर महिनोन्‌महिने वकिलांमार्फत घासाघीस झाली. (हुंड्याची बोलणी फक्त आपल्याकडेच होतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.) अखेर १७६४ च्या जानेवारीत लग्न लागलं.

आणि ही नवी नवरी काय शिकली? नवऱ्याच्या वहीतली सांकेतिक भाषा! कृती, प्रमाणं, खुणा तिला कळू लागल्या आणि ती प्रयोगांत त्याच्याबरोबर उभी राहिली. नवा नमुना आधी तिच्या हातात जायचा. किटलीचा कान बोटांना नीट धरता येतो का, चोचीतून चहा अंगावर सांडतो का, झाकण ओतताना पडतं का, हे बाईलाच कळणार ना? बायकांना काय रुचतं ते सारानं शिकवलं नसतं तर आपल्या भांड्यांना कुणी विचारलं नसतं, असं जोसायानं मित्राला मोकळेपणानं कळवलं आहे. त्या काळातल्या पुरुषानं हे कबूल करणं मला मोठं वाटतं.

याच वर्षांत त्याच्या हाती फिकट साईच्या रंगाचं भांडं आलं. साईच्या रंगाची भांडी त्याच्या आधीही बर्स्लेममध्ये होत होती, पण रंग एकसारखा नसे. आज साय, उद्या हळद! शिवाय झिलईला केसासारख्या भेगा जात. या भेगांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. भट्टीतून निघालेलं भांडं गार होताना आकसतं, वरची काचही आकसते. दोन्ही सारख्या प्रमाणात आकसली तर ठीक. काच जास्त आकसली तर ती ताणून तडकते. म्हणजे दोष एकट्या मातीचा नाही, एकट्या झिलईचाही नाही. दोघींचं जमलं नाही, एवढंच! म्हणून डेव्हन आणि कॉर्नवॉलहून आणलेली पांढरी माती, भाजून दळलेली गारगोटी आणि झिलई यांची प्रमाणं त्यानं पुन्हापुन्हा बदलून बघितली.

भाजणी दोनदा व्हायची. पहिली कोऱ्या मातीची, तिला बिस्किट म्हणतात. मग भांडं झिलईच्या पातळ कालवणात बुडवून काढायचं, वाळवायचं आणि दुसऱ्यांदा भाजायचं. भट्ट्या बाटलीच्या आकाराच्या, विटांच्या, उंच गळ्याच्या. खाली चहूबाजूंनी कोळशाची तोंडं. भांडी उघडी ठेवली तर धुरानं काळी पडतील, म्हणून ती जाड मातीच्या डब्यांत घालायची आणि डबे एकावर एक चढवत छतापर्यंत न्यायचे. मग दरवाजा विटांनी बंद. दोन-तीन दिवस आग, रात्रंदिवस एक माणूस जागता. आच पुरली की नाही, हे तो भोकातून दिसणाऱ्या लाल-पिवळ्या उजेडावरून ठरवायचा. त्याचा डोळा चुकला तर शेकडो भांडी गेली. भट्टी उघडायची वेळ आली की मालकाची छाती कशी धडधडत असेल, हे आमच्या गटातल्या बाराजणींना सांगावं लागलं नाही.

१७६५ मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या संचाची मागणी आली. काम किचकट होतं, सोन्याचं आणि हिरव्याचं. बाकीचे कुंभार बिचकले, यानं घेतलं. पुढच्याच वर्षी राणीचा कुंभार असा किताब मिळाला आणि साईच्या रंगाच्या भांड्यांचं नाव त्यानं क्वीन्स वेअर, म्हणजे राणीची भांडी, असं ठेवलं. राणीच्या पंगतीतलं ताट आपल्याही घरात यावं, असं मध्यमवर्गी बायकांना वाटू लागलं आणि ते परवडूही लागलं. लाकडाच्या आणि जस्तासारख्या दिसणाऱ्या कथलाच्या थाळ्या मागे पडल्या. मालाची फूटतूट थांबावी म्हणून त्यानं कालव्यासाठी खटपट केली. १७६६ च्या जुलैत पहिली कुदळ त्यानंच मारली. ट्रेंट आणि मर्सी नद्यांना जोडणारा हा कालवा १७७७ मध्ये पुरा झाला आणि माती, गारगोटी, भांडी सगळं संथ पाण्यावरून जाऊ लागलं.

या चढत्या काळातच १७६८ साल उजाडलं. गुडघा असह्य झाला होता. मे महिन्याच्या २८ तारखेला, राहत्या घरी, खुर्चीत बसवून त्याचा पाय कापला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती, ती निघायला अजून सत्तर-पंचाहत्तर वर्षं होती. अफूचा अर्क तेवढा होता. सगळं त्यानं उघड्या डोळ्यांनी सोसलं. बेंटली येऊन राहिला, सारानं शुश्रूषा केली. त्याच वर्षी त्यांचा रिचर्ड नावाचा तान्हा मुलगा गेला. एका वर्षात सारानं काय काय पाहिलं असेल! चरित्रांत त्या मुलाला जेमतेम एक वाक्य मिळतं.

लाकडी पाय लावून जोसाया उठला. पुढे पाय कापल्याचा दिवस घरी दरवर्षी सणासारखा साजरा व्हायचा. साधारण एका वर्षानं, १३ जून १७६९ रोजी, त्याचा नवा कारखाना सुरू झाला. नाव एट्रुरिया, शेजारून कालवा. त्या दिवशी लोकांपुढे त्यानं स्वतः चाकावर सहा फुलदाण्या घडवल्या. चाक फिरवलं बेंटलीनं. ज्या चाकानं पंचवीस वर्षांपूर्वी त्याला नाकारलं होतं, त्यावर तो मित्राच्या हाताच्या जोरावर पुन्हा बसला. मी हे सांगितलं तेव्हा आमची ती मुलगी पहिल्यांदा मान वर करून बघायला लागली.

एट्रुरियात एकच माणूस माती मळण्यापासून रंगवण्यापर्यंत सगळं करत नसे. घडवणारा वेगळा, कान लावणारा वेगळा, झिलईत बुडवणारा वेगळा, रंगवणाऱ्या बायका वेगळ्या. माल सुरेख झाला, पण माणूस एकाच कामाला बांधला गेला, हेही खरं. मालक फार कडक. लाकडी पायानं वेडीवाकडी भांडी फोडत फिरायचा, असं सांगतात. १७८३ मध्ये धान्य महागलं आणि एट्रुरियाजवळ उपाशी लोकांनी धान्याची बोट अडवली, तेव्हा सैन्य आलं आणि पुढे एकाला फाशी झाली. जोसायानं त्या वेळी तरुण कामगारांसाठी पत्रक काढलं, पण बाजू घेतली ती कायद्याची. मला हे वाचून वाईट वाटलं. त्याच्या कौतुकात ही गोष्ट गाळावीशी वाटत नाही.

रशियाची राणी कॅथरीन हिच्यासाठी १७७३-७४ मध्ये केलेला भोजनसंच तर दंतकथाच झाला. ९५२ नग आणि त्यांवर इंग्लंडची बाराशेवर वेगवेगळी दृश्यं. प्रत्येक नगावर एक छोटा हिरवा बेडूक, कारण राणीचा तो महाल बेडकांच्या दलदलीच्या जागी होता! ही चित्रं काढणाऱ्यांत बायकाही होत्या.

त्यानंतर त्यानं निळ्या मातीवर पांढऱ्या नक्षीची भांडी काढली. त्यांना जास्पर म्हणतात. यांना झिलईच नसते, रंग मातीच्या अंगातच भिनवलेला. त्यासाठी हजारो चाचण्या झाल्या. बोटाएवढे मातीचे तुकडे, प्रत्येकावर क्रमांक आणि भट्टीत कुठे ठेवायचा त्याची खूण. काहींवर बिस्किट भट्टीच्या अगदी टोकाला, अशा अर्थाची अक्षरं आहेत, कारण एकाच भट्टीत वर आणि खाली आच सारखी नसते. हे तुकडे त्यांच्या ट्रेंसकट अजून इंग्लंडमध्ये बार्लास्टनच्या संग्रहालयात आहेत. हा संग्रह २०१४ मध्ये विकला जाण्याच्या बेतात होता, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून तो वाचवला.

आच मोजायची कशी, हा प्रश्न मात्र त्याला छळत होता. साधा पाऱ्याचा तापमापक भट्टीत टिकत नाही. मग त्याला मातीचाच गुण उपयोगी पडला. माती जितकी जास्त तापते तितकी आकसते. त्यानं ठरावीक मापाच्या मातीच्या गुटख्या केल्या. भट्टीतून काढलेली गुटखी निमुळत्या होत जाणाऱ्या पितळी खाचेत सरकवायची, जिथे अडेल तो आकडा वाचायचा. १७८२ मध्ये त्यानं हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि पुढच्या वर्षी शाळा सुटलेल्या या कुंभाराला तिथलं सभासदत्व मिळालं. त्याच्या आकड्यांचे अंश पुढे चुकीचे ठरले. पण कालच्यासारखीच आच आज द्यायची असेल तर त्याची गुटखी कामाची होती.

आता शिशाबद्दल. ते मी टाळणार नाही. क्वीन्स वेअरची ती नितळ साय शिशाच्या झिलईची होती. शिसं कमी आचेवर वितळतं, दोष झाकतं, चमक देतं. आणि ते विष आहे. झिलईच्या टबात दिवसभर हात बुडवणाऱ्या कामगारांना पोटात कळा यायच्या, मनगटं लुळी पडायची. १७७४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टर पर्सिव्हल यांनी शिशाच्या विषावर पुस्तकही लिहिलं. तरी सगळ्या कुंभारांनी शिसं वापरलं, जोसायानंही. पुढच्या शतकात या झिलईच्या खोल्यांत बायका मोठ्या संख्येनं आल्या. त्यांचे गर्भ पडत, मुलं मेलेली जन्मत. १८९३ पासून इंग्लंडमध्ये स्त्रिया कारखाना निरीक्षक म्हणून नेमल्या गेल्या. त्यांनी दारोदार जाऊन या बायकांच्या कहाण्या नोंदवल्या, तेव्हा कुठे सरकार हललं. कच्च्या शिशाची झिलई बंद करणारे नियम व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं.

हे वाचल्यावर मला आमच्या गटातली ती पांढरी पूड आठवली आणि पोटात गोळा आला. घरच्या लहानशा भट्टीत, एवढ्या कमी आचेवर चमक येते ती कशामुळे? पुडीवर जिनसांची नावं नव्हती. व्यापाऱ्याला विचारलं तर उत्तर नीट मिळालं नाही. आमच्यातली एक तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती आणि पूड तीच कालवत होती. ती पूड आम्ही बंद केली. तुम्हालाही सांगते, जत्रेतून आणलेल्या, कुठे बनल्या ते ठाऊक नसलेल्या चकचकीत रंगीत भांड्यांत लोणचं, चिंच, ताक ठेवू नका. आंबटात शिसं उतरतं. शोभेला ठेवा, हवं तर.

जोसायाच्या शेवटच्या वर्षांतलं एक काम मात्र बायकांनी अंगावर मिरवलं. आफ्रिकेतून माणसं पकडून, जहाजांत कोंबून विकली जात होती. त्याविरुद्धच्या चळवळीसाठी १७८७ मध्ये त्यानं जास्परचं एक छोटं पदक काढलं. पांढऱ्यावर काळी आकृती, साखळदंडातला माणूस गुडघ्यावर बसून हात जोडतो आहे. त्याच्याभोवती, मी तुमच्यासारखाच माणूस नाही का, या अर्थाचा प्रश्न. ही पदकं त्यानं पदरच्या खर्चानं वाटली. बायकांनी ती केसांच्या पिनांत, बांगड्यांत, गळ्यातल्या दागिन्यांत बसवली. त्यांना मत देण्याचा हक्क नव्हता, पण अंबाड्यात ते पदक खोचायला कोण अडवणार? पुढे १७९१ पासून कितीतरी घरांतल्या बायकांनी गुलामांच्या कष्टाची साखर चहात घालणं सोडलं. त्या माणसाला गुडघ्यावर का बसवलं, असं आज अनेकजण विचारतात आणि मलाही ते खटकतं. गुलामांचा ब्रिटिश व्यापार १८०७ मध्ये बंद झाला, तो बघायला जोसाया नव्हता.

३ जानेवारी १७९५ रोजी तो गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे अहिल्यादेवी होळकर गेल्या. त्याची थोरली लेक सुझॅना हिचा मुलगा म्हणजे चार्ल्स डार्विन. सारा त्याच्यामागे वीस वर्षं जगली, १८१५ पर्यंत. त्या भागात पुढे बाटलीच्या आकाराच्या दोन हजारांहून जास्त भट्ट्या झाल्या, आता पन्नासही उरलेल्या नाहीत.

आमच्या गटानं पुढच्या खेपेला साध्या पणत्या केल्या, बिनचमकेच्या. कर्ज अजून फिटलेलं नाही, निम्मं उरलं आहे. पण भट्टीची वही आता त्या मुलीकडे आहे. माती किती, राख किती, जाळ किती वाजता लावला, वरच्या थरात किती फुटल्या, खालच्या थरात किती, ती सगळं लिहिते. पहिल्या पानावर तिनं तडकलेल्या पणत्यांचा आकडा लिहिला आहे, दोनशे सतरा.

गोष्ट ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं होतं. सारानं एवढं केलं, मग भांड्यांवर तिचं नाव का नाही? मी सांगितलं, अगं, भांड्याच्या बुडाला फक्त वेजवुड एवढंच कोरलेलं असतं, आणि तिचं माहेरचं आडनावही तेच होतं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ताई, आपल्या पणत्यांना खाली काही कोरता येईल का?

त्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे. बाराजणींची बारा मतं आहेत.